कुलवृत्तांतांनी वगळलेली साक्ष

मराठीत घराण्याचा इतिहास लिहिणे म्हणजे कुलवृत्तांत सिद्ध करणे, अशी समजूत रूढ झाली आहे. मूळ पुरुष कोण, तो कोकणातील कोणत्या गावाहून घाटावर आला, गोत्र कोणते, कुलदैवत कोणते, पेशवाईत कोण कारकून होता आणि इंग्रजी अमलात कोण मामलेदार झाला, एवढे नोंदवले की संपादकमंडळ ग्रंथ पुरा झाला असे मानते. या ग्रंथांमागील कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु शेकडो पृष्ठांच्या या वृत्तांतांत सहसा कोणी कोणाशी भांडत नाही, कोणाचे घर सावकाराकडे जात नाही, कोणत्याही विधवा भावजयीला पोटगीसाठी दिराच्या दारात उभे राहावे लागत नाही. ‘भाऊबंदकी’ हा शब्द ज्या भाषेने घडवला, त्या भाषेतील कुलेतिहासांत भाऊबंदकी औषधालाही सापडू नये, हा योगायोग नव्हे. ती जाणूनबुजून गाळलेली आहे. गाळलेला हा भाग तालुका आणि जिल्हा न्यायालयांच्या दप्तरखान्यांत पडून आहे. तो वाचल्यावाचून लिहिलेला घराण्याचा इतिहास केवळ अपुरा नव्हे, तर दिशाभूल करणारा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घरातली धुणी चव्हाट्यावर का धुवायची? कोर्टाची पायरी चढणे ही नामुष्की. तिची नोंद वंशजांनी का जपावी? हा आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो, आणि नेमकी परंपराच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. आपल्याकडे घराण्याची हकीकत प्रथम लिहिली गेली ती मुख्यत्वे तंट्याच्या निमित्ताने. पाटीलकीचा वा देशमुखीचा वाद गोतसभेपुढे आला की दोन्ही बाजू आपापली तक्रीर लिहून देत. वतन कोणी मिळवले, मधल्या पिढ्यांत कोणी बळकावले, कोणाचा खून पडला, हे सारे पिढीवार सांगत. त्यावर साक्षी होत, महजर होई, निवाडपत्र लिहिले जाई. ‘करीना’ हा प्रकार याच वतनदारी व्यवहारातला; जेधे करीना हा त्याचा अभ्यासकांना परिचित नमुना. सुमित गुहा आणि प्राची देशपांडे यांच्यासारख्या इतिहासकारांनी तर बखरीच्या गद्याचे नाते या न्यायव्यवहारातील कथनाशी जोडून दाखवले आहे. म्हणजे ज्या गद्याचा आपण वाङ्मयेतिहासात गौरव करतो, त्याच्या जडणघडणीत भांडणाचा वाटा आहे. विसाव्या शतकातील कुलवृत्तांतकारांनी ती वाट सोडली आणि गौरवग्रंथाची धरली.

न्यायालयाचा कागद काय देतो, हे पाहू. वाटपाच्या दाव्यात वादीला वंशावळ द्यावी लागते आणि ज्याचा ज्याचा हिस्सा आहे त्या प्रत्येकाला पक्षकार करावे लागते. मुलींना वारसाहक्क देणारा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, मुलींना सहदायाद ठरवणारी महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती, यांमुळे कुलवृत्तांतात ‘कन्या २’ एवढ्यावर बोळवण झालेल्या स्त्रिया दाव्यात नाव, वय आणि पत्त्यासह उभ्या राहतात. संपादकमंडळ मुलगी गाळू शकते. ती गाळली तर दावा अडखळतो. शिवाय दाव्यात फिर्याद असते तशी प्रतिवादीची कैफियतही असते. एकाच वाड्याच्या, एकाच दत्तकविधानाच्या दोन परस्परविरोधी कथा एकाच बासनात बांधलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कुलवृत्तांत कोणाचे निघतात? ज्यांच्याकडे लेखणी आणि वर्गणी होती त्यांचे. कुणब्याचा कुलवृत्तांत कोण छापणार? मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते हुडकून जाळली. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला आणि आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लावला, त्याने न्यायाधीशावर एक विलक्षण जबाबदारी टाकली. खतावरचा आकडा प्रमाण न मानता, वादी-प्रतिवादींमधील व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्याच्या बाराव्या कलमाने सांगितले. पहिले कर्ज कधी काढले, कशासाठी काढले, किती फेडले, खत किती वेळा नवे केले, हे सारे विचारणे आले. ज्या घरात कोणालाही लिहिता येत नव्हते, त्या घराचा आर्थिक इतिहास असा दुय्यम न्यायाधीशाच्या कचेरीत नोंदला जाणार होता. तो लिहिण्यामागे कोणाचा गौरव करण्याचा हेतू नव्हता, म्हणूनच तो मोलाचा आहे.

यावर आमचे सावध मित्र म्हणतील की कोर्टात लोक खोटे बोलतात. वकिलाने पढवलेली जबानी म्हणजे इतिहास नव्हे. कबूल. पण वृत्तांतासाठी आलेल्या छापील प्रश्नावलीला उत्तर देणारे काका खरेच बोलतात, हे कोणी ठरवले? जबानीला निदान उलटतपासणी असते, काकांना नसते. रखमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने पतीचे दारिद्र्य, त्याचे आजारपण आणि ज्या आप्ताच्या आश्रयाने तो राहत होता त्याचे चारित्र्य, ही कारणे पुढे केली गेली. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले; १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. या प्रकरणातील प्रत्येक विधान खरे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु सावत्र वडील, मालमत्ता, आईचा पुनर्विवाह आणि जावयाची अपेक्षा यांचा जो गुंता तेथे उघड होतो, तो कोणत्या गौरवग्रंथाने उघड होऊ दिला असता? खोटेसुद्धा पुरावाच असते. त्या काळी कोणते खोटे पटण्याजोगे वाटत होते, याचा तो पुरावा असतो.

मात्र हे साधन अक्षय नाही. जुनी न्यायालयीन कागदपत्रे निकालात काढण्याविषयी नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना १९१७ च्या कायद्याने दिला. अशा नियमांचा सर्वसाधारण कल असा की निकाल आणि हुकूमनाम्याला दीर्घ आयुष्य, आणि जबान्या, अर्ज, समन्स यांना अल्प. प्रशासनाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण कुटुंबाच्या इतिहासकाराला जे हवे असते ते नेमके या अल्पायुषी कागदांत असते. हुकूमनामा सांगतो की वाडा कोणाचा. त्या वाड्यात चूल कधी आणि का वेगळी झाली, हे जबानी सांगते. २०२३ मध्ये केंद्राने ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि जुन्या दप्तरांचे अंकीकरण त्यात धरले. कोणते कागद जपण्याजोगे, हे ठरवताना इतिहास आणि साहित्याच्या अभ्यासकांनाही विचारावे, ही मागणी आपल्या विद्यापीठांतून का उठत नाही?

‘मोडी कोण वाचणार’ ही सबबही आता चालणार नाही. २०२३ मध्येच न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचकांचा शोध घेतला गेला. आरक्षणाचा प्रश्न येथे आमच्यापुढे नाही. इच्छा असली की दप्तर उघडते आणि लिपी वाचली जाते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. पण पूर्वजांच्या कागदात आपण एकच शब्द शोधणार आणि तो सापडला की बासन पुन्हा बांधणार, तर ती वंशजांची दृष्टी नव्हे, दाखलेवाल्यांची झाली.

आमचे सांगणे मुख्यतः मराठीच्या विभागांना आहे. आत्मचरित्रांवर प्रबंधांची चळत रचणाऱ्या या विभागांनी विद्यार्थ्याला एकदा तरी जिल्हा न्यायालयात पाठवावे. दाव्याचा क्रमांक आणि वर्ष ठाऊक नसेल, तर तलाठ्याकडील जुन्या फेरफार नोंदी पाहायला शिकवावे; कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून नाव कमी-जास्त झाले असेल, तर माग तेथे लागू शकतो. पक्षकार नसलेल्याला नकलेसाठी कारण दाखवून अर्ज करावा लागतो. तो अर्ज लिहिणे हेही शिक्षणच आहे. कैफियत, जबानी आणि उलटतपासणी हे कथनाचे प्रकार आहेत, आणि कथनशास्त्र शिकवणाऱ्यांनी ते परक्यासारखे वागवावेत हे लाजिरवाणे आहे. आणि ज्यांच्या घरी नवा कुलवृत्तांत तयार होत असेल, त्यांनी संपादकमंडळाला एकच प्रश्न विचारावा: आपल्या घराण्यातले दावे कोणत्या प्रकरणात आले आहेत? ‘आपल्याकडे तसले काही नव्हते’ हे उत्तर मिळाले, तर पहिला अर्ज कोठे करायचा हे आपोआप ठरेल.