निर्बंधाआधी शिधा हवा
२४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता करोनामुळे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागूही झाली. १४ एप्रिलला मुदत वाढताच मुंबईत वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या मजुरांना अनेकांनी बेशिस्त ठरवले. पण रोजंदारी बुडालेली, खोलीचे भाडे थकलेले आणि गावी जायला गाडी नाही, अशा माणसाने घरात बसायचे तरी कशाच्या जोरावर? विषाणू सवड देत नव्हता, कठोर निर्णय अटळ होता, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने टाळेबंदीच्या घाईचे समर्थन होते, मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्यांना १ मे उजाडावा लागला याचे नाही. याउलट मुंबईतलीच धारावी पाहा. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, दहा बाय दहाच्या खोल्या, सामायिक शौचालये. तिथे ‘घरी बसा’ एवढे सांगून भागणारच नव्हते. पालिकेने दारोदार तपासणी केली, स्थानिक डॉक्टरांना सोबत घेतले, शाळा-सभागृहांत विलगीकरण उभारून जेवणही पुरवले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. लोक नियम मोडायला टपलेले नसतात. नियम पाळूनही चूल पेटेल, ही हमी मिळाली की तेच लोक साथ देतात. पुढच्या साथीत सरकारने आधी ही हमी द्यावी, मग निर्बंधांचा आदेश काढावा.