कासव आणायचंय? आधी घर मोजा

ईद झाली की मुलांच्या हातात ईदीचे पैसे येतात आणि घरात नव्या मागण्या सुरू होतात. या महिन्यात मुंब्र्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘‘नऊ वर्षांच्या मुलाला ईदीतून कासव घ्यायचं आहे. आमची एकच खोली, पुढे चार फुटांची गॅलरी. दुकानदार म्हणतो, हे कासव एवढंच राहतं. जागेच्या मानाने कोणतं आणावं?’’

भगिनी, याचं उत्तर मी आमच्याच घरातून देते.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्यानेही ईदीतूनच कासव आणलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, कानाजवळ लाल पट्टा. काचेच्या वाडग्यात दोन बोटं पाणी घालून आम्ही त्याला टीव्हीशेजारी ठेवलं. चार महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘याला ऊन नाही, कॅल्शियम नाही. वाडगा म्हणजे याचं घर नव्हे.’’ दिवा, फिल्टर, मोठी टाकी असं सगळं आणलं तेव्हा ते जगलं. आज ते जेवणाच्या ताटाएवढं आहे. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला. टाकी मात्र मीच धुते.

दुकानात सर्रास मिळतं ते हेच कासव. त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं अमेरिकेतलं. मादी दहा-बारा इंचांपर्यंत वाढते, नर थोडा लहान राहतो. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं. ‘एवढंच राहतं’ हे खोटं आहे. लहान भांड्यात ठेवल्याने कासव लहान राहत नाही, आजारी पडतं.

आता जागेचा हिशेब पाहू. साधा अंदाज असा, की कासवाच्या पाठीच्या दर इंचाला जवळपास ३८ लिटर पाणी हवं. दहा इंचांच्या कासवाला ३८० लिटर झालं. म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फुटाहून जास्त पाणी मावेल एवढी टाकी. नुसत्या पाण्याचं वजनच ३८० किलो. काच, दगड, स्टँड वेगळं. हे ओझं जुन्या इमारतीच्या गॅलरीत ठेवायचं धाडस करू नका. शिवाय पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा, तिच्यावर उष्णतेचा आणि अतिनील किरणांचा असे दोन दिवे, आणि दणकट फिल्टर हवा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही. काच ते किरण अडवते.

पाण्याचं नको, जमिनीवरचं आणू, असं काहींना वाटतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव दिसतं सुंदर, पण ते पाळणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. तळ्यातलं, विहिरीतलं देशी कासव उचलून आणणंही तसंच. ‘कुणीतरी भेट दिलं’ ही सबब कायद्यात चालत नाही. अजाणतेपणी घरात आलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कोकणात ज्यांची वाडी आहे, त्यांना परदेशी सुलकाटा कासव सुचवलं जातं. पिल्लू तळहातावर मावतं. मोठं झाल्यावर दोन-अडीच फूट लांब आणि चाळीस किलोच्या वर जातं. जमीन खणून लांब बीळ करतं, कुंपण ढकलतं. अशा परदेशी जातींसाठी खरेदीचे कागद आणि परिवेश पोर्टलवरची नोंद लागते. दुकानदार कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. बिलायतेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे हर्मन जातीचं कासव दिसतं. ते वीतभर राहतं, पण त्यालाही मागे बाग लागते आणि तिथेही त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आरोग्याचीही गोष्ट आहे. कासव निरोगी दिसलं तरी त्याच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास जास्त होतो. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. हात लावला की साबणाने धुवायचे. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुवायची नाहीत. एका खोलीत, जिथे मोरीही एकच, हे कसं जमणार?

आमची टाकी जड होऊ लागली तेव्हा मीही घरात म्हटलं होतं, ‘‘गावच्या तळ्यात सोडून देऊ.’’ सासरे अब्बा तेव्हा हयात होते. म्हणाले, ‘‘बेटी, आणलं आपण, आता सांभाळायचंही आपणच. तळ्याचा काय गुन्हा?’’ नंतर कळलं, ते किती खरं बोलले. हे परदेशी कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत आहे. तळ्यात गेलं की आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. नको झालं तर मोठी टाकी असणारा पाळणारा शोधावा किंवा प्राणी सोडवणाऱ्या संस्थेला विचारावं. सोडून देणं हा मार्ग नाही.

म्हणून भगिनी, तुमच्या खोलीला कोणतंच कासव बसत नाही. मुलाला स्पष्ट सांगा. फूटपट्टी घेऊन त्यालाच चार फूट लांब, दोन फूट रुंद चौकट जमिनीवर खडूने आखायला लावा आणि विचारा, आता तू झोपणार कुठे? ईदीतून दोन फुटांची माशांची टाकी घ्या. पन्नास-पंचावन्न लिटर पाण्यात गप्पी मासे मजेत राहतात. पाणी बदलायची, दाणे मोजून घालायची सवय त्याला त्यातूनही लागेल. तीन वर्षं ती नेमाने सांभाळली, घरही मोठं झालं, तर पुन्हा लिहा. तेव्हा कासवाचं बोलू.

तो थोडा रुसेल. रुसू द्या. आमचा रुसला असता तर बरं झालं असतं, असं टाकी धुताना मला दर जुम्म्याला वाटतं.