फूस कोणी कोणाला लावली?

जातीबाहेर विवाह केलेल्या तरुणावरील अपहरणाचा खटला न्यायालयाने रद्दबातल ठरविला, अशी बातमी अधूनमधून वाचावयास मिळते आणि पुरोगामी मंडळी समाधान पावतात. हे समाधान थोडे घाईचे असते. खटला रद्द होईपर्यंत कोणी काय भोगले, याची नोंद निकालपत्राच्या पहिल्या पानांत असते. ती पाने सहसा कोणी उलटीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २००६ रोजी निकालात काढलेले उत्तर प्रदेशातील प्रकरण पाहावे. आईवडिलांच्या मृत्यूनंतर भावाच्या घरी राहणारी, लखनौ विद्यापीठात हिंदीच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी एक सज्ञान तरुणी २ नोव्हेंबर २००० रोजी घर सोडते आणि दिल्लीच्या आर्य समाज मंदिरात अन्य जातीच्या तरुणाशी विवाह करते. भाऊ पोलिसांत जातात. अटक होते ती नवऱ्याच्या दोन बहिणींना, एकीच्या पतीला आणि एका चुलतभावाला! त्यांतील एक बहीण महिन्याच्या तान्ह्या मुलासह तुरुंगात होती, असे याचिकेत नमूद आहे. मुलीने आपण स्वखुशीने लग्न केल्याचे सांगितले, पोलिसांनीही गुन्हा घडला नसल्याचा अहवाल दिला. तेव्हा भावांनी निराळाच सूर लावला : ती वेडी आहे. जयपूरच्या मनोरुग्ण चिकित्सा केंद्रातील डॉक्टरांनी तिला तपासून ती पूर्णपणे शहाणी असल्याचे लिहून दिले. स्त्रीने स्वतः निवड केली, तर एक तर तिला कोणी पळविलेले असले पाहिजे, नाही तर तिचे डोके फिरलेले असले पाहिजे. तिसरी शक्यता जातिव्यवस्थेच्या कोशात नाही.

न्यायालयाने खटला रद्द केला, आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे असल्याचे म्हटले. परंतु मध्ये साडेपाच वर्षांहून अधिक काळ गेला होता. ही शिक्षा कोणत्या कलमाखालची?

कायदा संदिग्ध होता म्हणावे, तर तसेही नाही. १९६४ सालीच मद्रासहून आलेल्या अपिलात न्यायमूर्ती मुधोळकर यांनी 'नेणे' आणि 'सोबत येऊ देणे' यांतील भेद स्पष्ट केला होता. तेथील महाविद्यालयीन मुलगी अठरा वर्षांची होण्याच्या बेतात होती. तिनेच तरुणाला दूरध्वनी केला, तीच त्याला जाऊन भेटली. तरुण निर्दोष सुटला. तरीही ठाण्यावरील ठाणेदाराच्या लेखणीतून आजही 'फूस लावून पळविले' हेच शब्द उतरतात. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता बदलून न्यायसंहिता आली. कलमांचे आकडे बदलले, लेखणी बदलली नाही.

अल्पवयीन मुलींना संरक्षण नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बालविवाह लावणाऱ्या याच समाजाला मुलगी जातीबाहेर गेली, की तिचे वय मात्र नेमके आठवते, एवढेच ध्यानात घ्यावे. पालक ज्याला अपहरण म्हणतात, ती पुष्कळदा मालमत्ता हातची गेल्याची तक्रार असते. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखविले. लोहियांनी तर सरकारी नोकरीसाठी ती पात्रता ठरवावी, असे सुचविले. त्यांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या कार्यकर्त्याच्या दारी रात्री असे जोडपे आले, तर तो दार उघडतो काय? की 'आधी घरच्यांची समजूत काढा' म्हणून परत पाठवितो? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक तालुक्यांत सुखावह नाही.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापण्याचा आदेश दिला. आपल्या जिल्ह्यात तो कोठे आहे, तेथे कोण बसते, याची चौकशी पक्षशाखांनी लेखी करावी. मुलगी सज्ञान असेल, तर तिच्या वयाचा दाखला घेऊन कोणी तरी तिच्याबरोबर ठाण्यात जावे, दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब नोंदला जाईपर्यंत तिला भावांच्या ताब्यात दिले जाणार नाही, हे पाहावे. आणि नवऱ्याच्या बहिणींना उचलून आणले असेल, तर त्याच रात्री वकील उभा करावा.