यंत्र विकते, धंदा माणूसच करतो

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी नाणे टाकताच शुद्ध पाणी देणारे यंत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेले ‘पाण्याचे एटीएम’, बसवू इच्छिणाऱ्या तरुणाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो की, यंत्राला ना पगार, ना रजा. एकदा भांडवल घातले की मालकाने घरी बसून दरमहा गल्ला मोजावा. दुसरा म्हणतो की, ही थेरं मुंबई-पुण्याला शोभतात. ओळखीपाळखीवर आणि उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेत निर्जीव पेटीला कोण विचारतो? हे पक्ष परस्परविरोधी दिसले, तरी धंदा यंत्र करते हा भ्रम दोघांनाही समान आहे.

दुसऱ्या पक्षाचे निराकरण सोपे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वर्णिलेल्या यंत्रात नाणे तबकडीवर पडे, तरफ झुके आणि मंदिरातले पवित्र जल ठरावीक मापाने बाहेर येई. अर्थात या यंत्रकुळाचा आरंभच पाणी विकण्यापासून झाला, महानगराच्या चैनीपासून नव्हे. शिवाय ज्या मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याला कंटाळलेली कुटुंबे वीस लिटरचे जार आधीच विकत घेतात, तेथे गरज सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिला पक्ष मात्र अधिक घातक आहे, कारण तो कर्ज काढायला लावतो. समजा, वीस लिटरला पाच रुपये दर ठेवला आणि रोज शंभर जार भरले गेले, तर महिन्याची जमा पंधरा हजार होते. परंतु वीजबिल, जागेचे भाडे, गाळण्या आणि पाणी शुद्ध करणारा पडदा बदलण्याचा खर्च, तसेच कर्जाचा हप्ता खर्ची टाकल्यावर जी शिल्लक राहील तीच खरी मिळकत. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी दहा रुपयांच्या नाण्याचे सर्व 14 नमुने वैध असल्याचा खुलासा केला, तरी अनेक ठिकाणी ते नाणे नाकारले जातेच. अशा वेळी नाण्याबरोबर मोबाइलवरून पैसे घेण्याची सोय नसेल, तर गिऱ्हाईक रिकाम्या हंड्यानिशी परतते. वीज गेली, नाणे अडकले, टाकी रिती झाली, यांपैकी एकाही तक्रारीचा बंदोबस्त यंत्र स्वतः करीत नाही.

मग ग्राह्य मत कोणते? यंत्र नोकराची गरज कमी करते, दुकानदाराची नाही. म्हणून प्रारंभ एकाच यंत्राने करावा; पाहणीशिवाय जागेचा करारनामा करू नये; आणि बसस्थानक, तहसील कचेरी, सरकारी रुग्णालय व दाट वस्ती यांतून निवड करताना जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांइतकेच थांबणाऱ्या आणि रिकामे भांडे हाती असणाऱ्या माणसांना महत्त्व द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. पाण्याची वेळोवेळी तपासणी करून तिचा दाखला यंत्रावरच लावावा, कारण समोर विक्रेता नसताना विश्वास बसेल असे दुसरे साधन नाही. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धुण्याभांड्यांच्या कामी लावावे. टंचाईच्या मुलखात ते गटारात सोडणे हा केवळ तोटा नव्हे, अपराध आहे.

सारांश, रोज एकदा यंत्रापाशी जाऊन हिशेब, टाकी आणि तक्रारी पाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याने या धंद्यात अवश्य पडावे. ज्याला केवळ बसून खायचे आहे, त्याने आपले पैसे बँकेतच ठेवावेत.