खुळखुळणारी स्टिक

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मगरिबची नमाज अदा करून आम्ही घरी परतलो, तर शेजारचा मुलगा लांबट काळी पेटी घेऊन दारात उभा. सलाम करून म्हणाला, "चाचा, स्टिक खुळखुळतेय. आठ दिवसांवर कॉलेजची स्पर्धा आहे. नवी घ्यायला पैसे नाहीत आणि अब्बांना सांगायची सोय नाही."

स्टिक म्हणजे स्नूकरचा क्यू. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशातून त्याने तो जुना विकत घेतला होता. अब्बा पनवेलमध्येच फर्निचरचं काम करतात, पण 'क्लब' हा शब्द घरात उच्चारलेला त्यांना खपत नाही. या पानावर आम्ही पंखा, मिक्सर, शिलाई मशीन यांच्या दुरुस्तीबद्दल लिहितो, म्हणून तो आमच्याकडे आला.

स्नूकर म्हटलं की आपल्या घरांत धुरकट खोली आणि पैजा आठवतात. पण हा खेळ जन्मला आपल्याच देशात. 1875 साली जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो सुरू केला. मुंबईचे यासीन मर्चंट 1989 आणि 2001 असे दोनदा स्नूकरचे आशियाई विजेते झाले. तेव्हा खेळाला दोष देण्याआधी आम्ही स्टिककडे वळलो.

चूक मात्र आमच्याकडूनच झाली. आवाज टोकाकडून येतोय असं वाटलं आणि तपासणी न करताच आम्ही मुलाला टिप बदलून आणायला लावली. पैसे गेले, खुळखुळ तशीच राहिली. लाकूड लांब असलं की आवाज त्यातून धावतो. उगम एकीकडे आणि भास दुसरीकडे. म्हणून अंदाज बाजूला ठेवून आम्ही क्रमाने बघायला बसलो. तोच क्रम वाचकांसाठी देतो.

आधी खात्री करा की आवाज स्टिकचाच आहे. मनगटातलं सैल घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, बाहीचं बटण हेही फटका मारताना वाजतात. ते सगळं काढून पुन्हा मारून बघा.

मग जॉइंट. बहुतेक क्यू दोन तुकड्यांचे असतात आणि पितळी आट्यांनी जोडले जातात. जोड उघडा, आटे जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने साफ करा आणि हाताने घट्ट आवळा. पक्कड लावू नका. दोन्ही तोंडं सपाट टेकली पाहिजेत. मध्ये कागद सरकत असेल तर आत कचरा आहे किंवा आटे झिजले आहेत. निम्मे आवाज इथेच थांबतात.

थांबला नाही तर दोन्ही तुकडे वेगळे करून एकेक कानाशी हलवा आणि तळव्यावर हलकेच आपटा. कोणता अर्धा वाजतो ते कळलं की शोध निम्म्यावर येतो.

पुढचा अर्धा वाजत असेल तर टिप आणि तिच्याखालची पितळी टोपी, म्हणजे फेरूल, बघा. टिपची कड नखाने उचलते का? फेरूल बोटांनी फिरते का? फिरत असेल तर आतला गोंद सुटला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आणि एसीच्या हॉलमध्ये आकसतं. पितळ तसं करत नाही, म्हणून दोघांत फट पडते. फेरूल काढून जुना गोंद खरवडावा, दोन नळ्यांचा ॲराल्डाइटसारखा गोंद लावून ती परत बसवावी आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. फेरूल तापवून काढायला जाऊ नका, लाकूड जळतं. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडे द्या.

मागचा अर्धा वाजत असेल तर बुडाचं रबर काढा. पुष्कळ क्यूंमध्ये त्याच्या आत वजनाचा बोल्ट असतो. तो सैल झाला की प्रत्येक फटक्याला खडखडतो.

शेवटी लाकूड. सुती फडकं सगळीकडून फिरवा. धागा अडकला तर तिथे बारीक चीर असू शकते. चीर जॉइंटजवळ असेल तर खेळणं थांबवून कारागीर गाठा.

आमच्या तपासणीत मागचाच अर्धा वाजत होता. पण रबर घट्ट बसलेलं, आमच्या हाताने निघेना. जोर लावला तर लाकूड चिरेल ही धास्ती. मुलगा गप्प बसला होता. आम्ही म्हणालो, "बेटा, पनवेलमध्ये लाकूड ओळखणारा माणूस तुझ्याच घरात आहे."

तो नको नको म्हणत असताना आम्ही त्याच्या अब्बांना बोलावलं. ते आले, पेटीकडे बघून कपाळाला आठी पडली. आम्ही एवढंच म्हणालो, "भाईजान, क्लबचं नंतर बोलू. आधी हे लाकूड बघा." त्यांनी तो तुकडा हातात घेतला, अंगठ्याने रेषा चाचपल्या, बोटाच्या पेराने वरून खालपर्यंत टकटक करत गेले. बुडाशी आवाज बदलला. पातळ पटाशीने रबर अलगद उचललं. आत बोल्ट सैल होता आणि भोवती लाकडाचा भुसा. भुसा झटकून, नळाच्या कामाची पांढरी टेप आट्यांवर दोन वेढे गुंडाळून त्यांनी बोल्ट आवळला. गोंद लावला नाही; पुढे वजन बदलायचं झालं तर बोल्ट निघायला हवा. दहा मिनिटांत खुळखुळ गेली.

मग पहिल्यांदाच त्यांनी मुलाला विचारलं, "तिथे पैसे लावता?" मुलगा खरं बोलला. पैज नाही, पण हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरायचं असा रिवाज आहे. अब्बा म्हणाले, "हाही जुगारच झाला. भाडं वाटून भरा. हे जमणार असेल तर खेळ." मुलाने कबूल केलं. स्पर्धेत तो दुसऱ्या फेरीत हरला. सामना बघायला अब्बा गेले होते.

आपले प्रिय पैगंबर (स.) स्वतःच्या चपला स्वतः सांधत, असं हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. सांधायचं तर वस्तू आधी हातात घ्यावी लागते. ती स्टिक वर्षभर एकाच घरात होती आणि लाकडाच्या जाणकाराने तिला हात लावला नव्हता, कारण त्याला ती फक्त क्लबची वाटत होती. मुलानेही ती कधी त्यांच्यापुढे ठेवली नव्हती.

तुमच्या घरात असं काही खुळखुळत असेल, तर टाकून देण्याआधी एकेक तुकडा कानाशी धरून बघा. आणि घरातल्या जाणकाराला आधी विचारा. आम्हाला ते टिपचे पैसे घालवल्यावर सुचलं.