सुरू झालेली गाडी आणि चालवण्याजोगी गाडी



ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने वडोदऱ्याला काय दाखवलं, ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. नदी ३५ फुटांच्या वर गेली, लष्कराला बोलवावं लागलं, मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या. पाणी ओसरल्यावर आपण गाद्या, कपाटं, फ्रिज उन्हात काढले. पार्किंगमध्ये हँडलपर्यंत बुडालेल्या दुचाक्यांचं काय करायचं, हे मात्र बऱ्याच घरांना सुचलं नाही. मेकॅनिककडे रांगा होत्या, आणि खर्चाचा आकडा ऐकून अनेकांनी गाडी मिळेल त्या भावाला देऊन टाकली.

या पाण्याचा आणि आमच्या वाघोडियाचा जुना संबंध आहे. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आजव्याचा तलाव आमच्याच तालुक्यात आहे. तो भरला की जादा पाणी विश्वामित्रीत जातं. म्हणजे पाणी इकडून शहरात गेलं, आणि त्याने बुडवलेल्या काही गाड्या पुढे टेम्पोत बसून इकडे भंगारवाल्यांकडे आल्या. त्यातलीच एक गाडी आज आपल्या सदरात आहे.

माझा पुतण्या वाघोडिया जीआयडीसीत अप्रेंटिस आहे. राहतो शहरात, शिफ्ट सकाळी सातची. स्टायपेंडमधून नवी गाडी परवडण्याजोगी नव्हती. जानेवारीत त्याने एका भंगारवाल्याकडे २०१९ सालची स्प्लेंडर पाहिली. सात हजार सांगितले. घरी बोलला तशी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, स्वस्तात मिळते म्हणून पोराला असल्या गाडीवर बसवणार का?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला अकरा रविवार लागले.

आधी कागद, मग पाना

गाडीला हात लावण्याआधी आम्ही मोबाइलवर तिचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या नोंदी पाहिल्या. तरुण मंडळींनो, हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते टाळू नका. नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे? नावावर कर्जाचा बोजा आहे का? चलान थकलेत का? चोरीची तर नाही ना? मग पुसट झालेला चासी नंबर घासून पुसून कागदावरच्या नंबराशी ताडून पाहायचा. इंजिन नंबरही तसाच. नोंदणी रद्द झालेली असेल, तर तिथेच थांबायचं. ती गाडी सुट्या भागांपुरती, रस्त्यासाठी नाही.

या गाडीची नोंदणी चालू होती, पण दोन अडचणी निघाल्या. भंगारवाला मालक नव्हताच, कागदावर पहिल्या मालकाचंच नाव होतं. आणि कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवलेला नव्हता. मग पहिल्या मालकाला गाठून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ त्यांच्याकडूनच मिळवला. त्यानंतरच सात हजार रुपये दिले.

त्या गृहस्थांशी बोलताना एक गोष्ट कळली, ती प्रत्येक घराने ऐकावी. "विमा होता हो, पण उपयोग झाला नाही," ते म्हणाले. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कामाला येतो. पुरात आपली गाडी बुडाली, तर त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा भाग लागतो, आणि पहिल्या वर्षानंतर तो चालू ठेवायचं बरेच जण विसरतात. तो भाग असता, आणि दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला असता, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरून त्यांना भरपाई मिळू शकली असती. आज घरातल्या गाड्यांच्या पॉलिसी एकदा उघडून पाहा.

किक मारायची नाही

बुडालेली गाडी हाती आली की पहिला मोह किक मारून बघायचा होतो. तो आवरायचा. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला, तर ते पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजाराच्या कामाचं दहा हजारांचं काम असं होतं.

आम्ही आधी प्लग काढला. मग खालचा बोल्ट सोडून ऑइल बाहेर काढलं. ते दुधाळ चहासारखं निघालं, म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं होतं. प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं आणि गाडी आठवडाभर तशीच ठेवली. पुढच्या रविवारी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. आधी ढिम्म. मग एक कुरकुर आली आणि पिस्टन हलला. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

हेड उघडल्यावर सिलिंडरच्या आत गंजाचे ठिपके दिसले. लेथवाल्याकडून आतली भिंत घासून घेतली, रिंगा आणि गॅस्केट नवे टाकले. आमच्या गल्लीतला मेकॅनिक डोकावून म्हणाला, "काका, पाणी तो उतरी जाय, काट ना उतरे." पाणी उतरतं, गंज उतरत नाही. बुडालेल्या गाडीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं.

टाकीतलं जुनं पेट्रोल मोकळ्या जागी, विस्तवापासून लांब, डब्यात काढून घेतलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि टाकीला आतून गंजवतं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून टाकी दोनदा धुऊन उन्हात पूर्ण वाळवली. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांवर इंजेक्शन आलं. ही त्याआधीची कार्ब्युरेटरची गाडी, त्यामुळे जेट सोडवून, फुंकून, धुऊन पुन्हा बसवणं घरी जमलं. कागदी एअर फिल्टर मात्र सरळ फेकला.

सगळ्यात वेळखाऊ काम वायरिंगचं. प्रत्येक जोड सुटा केला. आत तांब्यावर हिरवट भुकटी साठलेली. ती ब्रशने काढायची, जोड कोरडा करायचा, पुन्हा बसवायचा. पुतण्या कंटाळला की मी त्याला चहा करायला पाठवायचो आणि परत आला की पुढचा जोड हातात द्यायचो.

"फक्त चोकडीपर्यंत, काका"

पाचव्या रविवारी, सहाव्या किकला, गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग नेहमीचा ओळखीचा आवाज. शेजारची पोरं टाळ्या वाजवत आली. पाच मिनिटांनी बंद करून ऑइल पुन्हा बदललं, कारण आतला ओलावा एकदम जात नाही. तिसऱ्यांदा बदललं तेव्हा ते स्वच्छ निघालं.

पुतण्याने हेल्मेट उचललं. "फक्त चोकडीपर्यंत जाऊन येतो, काका." मी चावी खिशात टाकली. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पुढच्या रविवारी मागचं चाक उघडलं. ड्रममध्ये वाळलेला गाळ होता. ब्रेक शू बाहेर काढला, आणि त्याच्यावरचं अस्तर अख्खं सुटून पुतण्याच्या हातात आलं. हे अस्तर धातूवर चिकटवलेलं असतं. पाणी धातूला गंजवतं, गंज फुगतो आणि अस्तर आतून उचललं जातं. बाहेरून पाहिलं तर शू ठणठणीत दिसतो. हायवेवर ब्रेक दाबताना ते अस्तर सुटून ड्रममध्ये अडकलं असतं, तर चाक जागीच जाम झालं असतं. पुतण्या बराच वेळ ते अस्तर हातात घेऊन बसला. मी काही बोललो नाही. पुढच्या सहा रविवारांत त्याने चावी मागितली नाही.

इंजिन सुरू होणं हा दुरुस्तीचा अर्धा रस्ताच असतो. सुरू झालेली गाडी मन मोहवते, आणि धोका नेमका तिथेच असतो. आम्ही दोन्ही चाकांची बेअरिंग बदलली, कारण पाण्याने त्यातलं ग्रीस धुतलं होतं. क्लच आणि ब्रेकच्या केबल आतून गंजल्या होत्या, त्या नव्या घातल्या. पुढच्या फोर्कचं ऑइलही दुधाळ निघालं, तेही बदललं. हँडलच्या मानेतल्या गोळ्या, चेन सेट, सगळं तपासलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २०१९ होतं. आपल्या तालुक्यात लिमड्याला टायरचा एवढा मोठा कारखाना, आणि हे आकडे वाचायला आपण मुलांना शिकवत नाही! दोन्ही टायर नवे घेतले.

हिशेब

गाडी ७,०००. इंजिनाचं काम आणि तीन वेळचं ऑइल २,९००. बॅटरी आणि वायरिंग ३,१००. ब्रेक, बेअरिंग, केबल, चेन सेट ३,६५०. टायर ३,४००. नाव बदलणं, विमा, पीयूसी मिळून २,४५०. एकूण २२,५००. शिवाय दोन माणसांचे अकरा रविवार, ज्याचे पैसे कोणी देत नाही. स्वस्त पडली असं म्हणता येईल, पण "सात हजारांत गाडी" हे खोटं आहे. भंगारातली गाडी घेताना गाडीच्या किमतीच्या तिप्पट रक्कम हाताशी असू द्या. नसेल तर ब्रेक आणि टायरवर काटकसर होते, आणि ती काटकसर महागात पडते.

चासी वाकलेली असेल, तर मात्र कितीही पैसे असले तरी नको म्हणायचं. आणि तुमची स्वतःची गाडी बुडाली, तर सुरू करायचा प्रयत्न न करता आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. बुडालेलं इंजिन फिरवून मोडलं, तर साध्या पॉलिसीत तो दावा अडू शकतो.

मुलांनी हात काळे करण्याबद्दल काही घरांत अजून नाकं मुरडली जातात. त्यांना आठवण करून देतो. महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढलं, ते हातात कसब असलेली माणसं घडवण्यासाठी. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आजची विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच कलाभवनातून वाढली. आपल्या समाजाला पान्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

मार्चअखेर गाडी पुतण्याच्या नावावर झाली. वहिनींनी तिला हार घातला, पण त्याआधी स्वतः ब्रेक दाबून पाहिला. मला ते फार आवडलं.

आता पुन्हा पावसाळा तोंडावर आहे. तुमची गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये असेल, तर जोराचा पाऊस सुरू होताच ती उंच जागी न्यायची कोणी, हे घरात आजच ठरवा. पुढच्या अंकात सायकलच्या चेनबद्दल बोलू. तोवर प्रश्न असतील तर मंडळाच्या कार्यालयात चिठ्ठी ठेवा, मी दर शनिवारी संध्याकाळी तिथे असतोच.