परीक्षा सरकारची, कसोटी मराठी शाळांची

पाचवी-आठवीच्या मुलांची परीक्षा शाळेने घ्यावी की राज्याच्या मंडळाने, या प्रश्नावर कर्नाटकात दोन वर्षे कोर्टकचेरी झाली. बेंगळूरच्या या भांडणाशी आपल्या गावच्या मराठी शाळेचा संबंध काय, असे खानापूर-निपाणीकडच्या पालकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांतील पाचवी व आठवीसाठी मंडळामार्फत मूल्यांकन घेण्याचे ठरविले. १० मार्च २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ते रद्द केले. पाचच दिवसांत खंडपीठाने वाट मोकळी केली आणि परीक्षा उरकली. २०२४ मध्ये नववी व अकरावीचीही भर पडली. ६ मार्चला रद्द, ७ मार्चला त्या निकालाला स्थगिती, ११ मार्चला पेपर सुरू, १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाचा अडसर, २२ मार्चला खंडपीठाची पुन्हा परवानगी आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाची पुन्हा स्थगिती. मुलांनी पेपर लिहिले, निकाल मात्र टांगणीला लागला.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सातवी-आठवीपर्यंत वाचता न येणारे मूल पुढे ढकलले जाते आणि एसएसएलसीला आपटते, हे आपणही पाहतो. ही परीक्षा नव्हे, मूल्यांकन आहे, त्यात कोणी नापास होणार नाही, असे शासन सांगत होते. उलट बाजूने २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३० पुढे आले. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला कोणतीही बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती नाही, असे ते सांगते.

सीमाभागाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. एकसदस्य पीठाने बोट ठेवले ते कार्यपद्धतीवर. नियम करायचा तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. नुसत्या आदेशाने काम उरकले की ही पायरीच गळून पडते. आणि मराठी पालकाला बोलायला जागा मिळते ती याच पायरीवर.

तिथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेचा पेपर शिकविणारे गुरुजीच काढतात. राज्याचा पेपर दुसऱ्या भाषेत तयार होऊन मराठीत उतरविला गेला आणि गणिताचे वाक्यच बोजड झाले, तर पाचवीचे मूल गणितात चुकत नाही, भाषांतरात अडकते. गुण मात्र गणिताचे जातात. उत्तरपत्रिका शाळेबाहेर जाणार असेल, तर ती तपासणारा मराठी माध्यमाचा शिक्षक हवा, हेही तितकेच खरे. असे निकाल शाळावार मांडले गेले, तर आधीच पट घसरलेल्या शाळेवर 'कच्ची शाळा' असा शिक्का बसेल. पालक मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घालतील आणि दोष मराठीच्या माथी येईल.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले. शिकविणे मातृभाषेत आणि मोजमाप भाषांतरात, हे त्या कलमाच्या हेतूत बसत नाही.

म्हणून परीक्षा हवी की नको, एवढ्यावरच वाद घालून भागणार नाही. राज्यपातळीवरची परीक्षा पुन्हा कोणत्याही नावाने आली, तर प्रत्येक शाळा सुधारणा समितीने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. मराठी प्रश्नपत्रिका कोण काढणार? उत्तरपत्रिका कोण तपासणार? मूल मागे पडलेले दिसले, तर त्याला शिकवायला जादा शिक्षक मिळणार का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ते नुसते वजन करणे झाले. रोज तराजूत बसवून पोर बाळसे धरत नाही, हे आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक आहे.